ब्याऐंशी अंश

आम्हाला इंजिनं शिकवणाऱ्या सरांचा मला राग होता आणि तो अजून उतरलेला नाही.

आमच्या कॉलेजात जर्नल कुणी स्वतःच्या डोक्यानं लिहीत नसे. मागच्या वर्षीच्या जर्नलचे फोटो मोबाइलवर यायचे, ते उतरवायचे आणि सरांची सही घ्यायची. त्यात एक गणित होतं. डिझेल इंजिनात सत्तावीस अंशाची हवा दाबून सोळाव्या हिश्शावर आणली, तर ती किती तापेल? उत्तर होतं ब्याऐंशी अंश. कधीतरी कुणीतरी अंशांचं केल्विन करायला, म्हणजे सत्तावीसमध्ये दोनशे त्र्याहत्तर मिळवायला विसरला होता. पुढच्या सगळ्या पोरांनी ती चूक इमानेइतबारे उतरवली आणि सरांनी तिच्याखाली लाल सह्या ठोकल्या. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

गावी, पारगावला, आमच्या विहिरीवर जुनं डिझेल इंजिन होतं. त्यात ठिणगी नसते, दाबून तापलेल्या हवेनंच डिझेल पेटतं, हे मला हँडल मारून मारून कळलं होतं. ब्याऐंशीला चहासुद्धा उकळत नाही. मी गणित नव्यानं केलं. सहाशे छत्तीस आलं.

सरांनी जर्नल बाजूला सारलं. "सगळ्यांचं ब्याऐंशी. तूच एकटा शहाणा का?"

"सर, केल्विन करायचं राहिलंय…"

"मला शिकवू नकोस."

सही नसेल तर परीक्षेला बसता येत नव्हतं. बाकावरचा मित्र म्हणाला, "लिही की राव ब्याऐंशी. कोन वाचतंय ते? आमी न्हाई का लिवलं?" मी पान फाडलं, मनातल्या मनात सरांना नाही नाही त्या शिव्या घातल्या आणि ब्याऐंशी लिहिलं. सही लगेच मिळाली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. "ब्याऐंशीला डिझेल पेटतं?"

सर शेजारीच बसले होते. त्यांची सही त्या आकड्याला चिकटून होती. ते हसून परीक्षकांना म्हणाले, "पोरं समजून घेत नाहीत हो. नुसतं उतरवतात."

खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण मार्क सरांच्याही हातात होते. मी खाली बघून म्हणालो, "चुकलं, सर."

"अरे, आधी केल्विन करायचं असतं," सरांनी मला समजावलं.

मी त्यांचे आभार मानले.