टोपीतलं आंब्याचं पान

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, पोरांपाशी नाही. तुम्ही आपले समोर बसला आहात म्हणून — छे, तसंही नाही. आता पोटात राहत नाही, एवढंच.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरी तेव्हा खेडंच. पवनेच्या काठाला आमची शाळा, आणि थोडं पुढं कॅम्प — सिंधमधलं घरदार सोडून आलेल्या लोकांचा. त्यांच्यातला लछू माझ्या वर्गात आला. गावची पोरं त्याला जवळ करीनात. मला तरी कुठं करत होती? मी किडकिडीत, रडवा. मग आम्ही दोघंच एकमेकांचे. बाक एक, डबा एक. अजून स्वप्नात येतात ते दिवस — नदीवर धुकं, आणि लछू माझ्या पुढं पुढं चाललेला.

आमचे गुरुजी इतिहास खेळातून शिकवायचे. एका हिवाळ्यात त्यांनी नदीकाठच्या वाळूत तालिकोटची लढाई मांडली. फक्कीची पांढरी रेघ, ती कृष्णा नदी. विजयनगरच्या गड्यांच्या टोपीत आंब्याचं पान, दख्खनच्या सुलतानांच्या गड्यांना कडुलिंबाची डहाळी. टोपीत जे पान, ती तुमची बाजू. ज्याला शिवलं तो बसला. राजाला शिवलं की लढाई संपली. खरी लढाई कोण जिंकलं ते गुरुजी आधी सांगत नसत. खेळा तुम्ही, मग सांगतो, म्हणायचे.

विजयनगरचा राजा केलं लछूला. उंच होता ना! मी त्याचा सरदार, पाठ राखायला. समोरच्या बाजूला दगडू, गावच्या पोरांचा म्होरक्या. तो हसत म्हणाला, हा जिंकला तर उद्यापासून आमच्याबरोबर डोहात पोहायला येईल. त्या डोहात लछूला कुणी पाय बुडवू देत नसे. काय उजळलं हो त्याचं तोंड! मी ते पाहिलं.

आणि तो जिंकत होता, राव. कोवळ्या उन्हात फक्की उडत होती, सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं, आवाजसुद्धा लांबून आल्यासारखे. दगडूचे गडी एकेक करून खाली बसत होते. आणि मला एकदम वाटलं — हा उद्या डोहात जाणार. मग माझं काय? मला कोण नेणार तिथं?

कुणी सांगितलं नव्हतं मला. मी टोपीतलं आंब्याचं पान काढलं, वाळूत पडलेली कडुलिंबाची डहाळी उचलून खोवली, आणि मागून जाऊन लछूच्या पाठीला हात लावला.

गुरुजी धावत आले. आता कानफाटात बसणार, या भीतीनं मी डोळे मिटले — तर त्यांनी मला उचलूनच घेतलं! खऱ्या लढाईतही ऐन वेळी राजाचेच दोन सरदार फितूर झाले, असं सांगतात म्हणे, आणि विजयनगर बुडालं. या पोरानं आधीच वाचून ठेवलं होतं, बघा, असं ते सगळ्यांना सांगत सुटले.

लछू जवळ आला. रागावला नव्हता.

"तू पुस्तकात वाचलं होतं?" तो म्हणाला. "मला सांगायचं ना."

"व्हय, वाचलं व्हतं," मी म्हणालो.

ते पुस्तक मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. फितुरी केली ती केली, वर हुशार ठरलो. त्याच हुशारीच्या नावावर पुढं इतिहासाचा मास्तर झालो. दरवर्षी तालिकोट शिकवली. ते सरदार का फुटले, असं एखादं पोर विचारायचंच. जहागिरीच्या लोभानं, मी सांगायचो. दुसरंही कारण असू शकतं हे ठाऊक असून.

लछू डोहात कधीच उतरला नाही. काठावर माझ्या शेजारी बसून दगडूच्या पोरांच्या उड्या बघायचा. पुढं त्याच्या घरच्यांनी कॅम्प सोडला. जाईपर्यंत तो रोज आपली अर्धी रोटी मोडून मला द्यायचा. त्याला दुसरं कुणी नव्हतंच ना. मला तेच हवं होतं.