झुलालनानांचं बरड

एरंडोलच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून झुलालनानांची चार एकर बरड जमीन आहे. वर चार बोटं माती आणि खाली नुसता मुरूम. नानांच्या आजोबांच्या वेळी तिथं अंजन आणि धावड्याचं रान होतं म्हणतात; ते कोळशाच्या भट्ट्यांत गेलं. बहात्तरच्या दुष्काळात वडिलांनी उताराला दगडी बांध घातले, त्यातले निम्मे दगड पुढं गावातल्या घरांच्या पायात गेले. मग कुठल्याशा योजनेतून पाचशे रोपं आली. नानांनी ती फोटो काढून होईपर्यंत मन लावून लावली. मे महिन्यात एकही उरलं नव्हतं.

आपण कामचुकार नाही, असं नाना स्वतः सांगत. त्यांच्या पत्नी सुनंदाबाई त्यावर त्या पाचशे रोपांचं नाव काढत. एक काम मात्र नाना दर वैशाखात न चुकता करत. तोडलेल्या जुन्या झाडांच्या जमिनीत उरलेल्या बुंध्यांना फुटवे आले की कुऱ्हाडीनं सपासप छाटायचे, म्हणजे बाजरीला शेत मोकळं.

दहा वर्षांपूर्वी त्यांची कंबर धरली. वर्षभर वाकायचं नाही, असं जळगावच्या डॉक्टरांनी बजावलं. नानांनी ते दोन वर्षं पाळलं. शेत कुणाकडून तरी साफ करून घ्या, असा सुनंदाबाईंनी लकडा लावला, तर नाना म्हणत, बघू पुढच्या हंगामाला.

तोवर अंजनाचे, कडुलिंबाचे, पळसाचे फुटवे कमरेला आले. खाली पाला साचला, गवत उठलं. नाना सावली बघून तिथं बसायला जाऊ लागले. बसल्या बसल्या माणूस काहीतरी बघतोच. पाऊस उघडून पंधरा दिवस झाले तरी फुटव्यांखाली ओल होती. उतारावरून येणारं पाणी पूर्वी चहासारखं लाल असायचं, ते आता बरंच निवळ होतं. एकेका बुंध्याला पंधरा-पंधरा फुटवे भांडत होते. नानांनी त्यातले दोन सरळ ठेवून बाकीचे कापले. बसून करता येण्यासारखं काम होतं, म्हणून ते त्यांना आवडलं.

एका सकाळी शेजारच्या रतिलालच्या बकऱ्यांनी वरच्या अंगाचे सगळे शेंडे फस्त केले. नाना ते बघून घरी आले आणि जेवले नाहीत. सुनंदाबाईंना तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे प्रकरण नुसत्या आळसाचं राहिलेलं नाही. संध्याकाळी नाना रतिलालच्या ओट्यावर जाऊन बसले. चहा आला, निवला. मग म्हणाले, "गवत कापी लई जा भाऊ, पन बकऱ्या धाडू नको."

रतिलालनं मान डोलावली. भांडायची तयारी करून आलेल्या नानांची थोडी निराशाच झाली.

चार वर्षांनी कृषी खात्यातल्या वृषालीताई जामनेरकडचे पंचवीस शेतकरी घेऊन ते बरड बघायला आल्या. अंजन दोन पुरुष उंच झाले होते. खालच्या तुकड्यात बाजरी उभी होती. ताईंनी वही उघडून विचारलं, "नाना, सुरुवात कशी केली?"

नानांनी टोपी नीट केली, घसा साफ केला. एवढ्यात पाण्याचा हंडा घेऊन आलेल्या सुनंदाबाई म्हणाल्या, "यास्नी काहीच करं नही ताई. म्हनीसन त बठ्ठं उनं."

काहीच केलं नाही, म्हणून तर सगळं आलं, हे ऐकून शेतकरी हसले. वृषालीताईंनी मात्र ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. जिवंत मुळं मोडायची नाहीत, चराई थांबवायची, थोडी छाटणी करायची, बाकी जमीन स्वतःच सावरते. ही मोठी पद्धत आहे, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं. नवऱ्याच्या आळसाला सरकारात नाव आहे हे ऐकून सुनंदाबाई हंडा तसाच धरून उभ्या राहिल्या.

तेव्हापासून नानांना गावोगाव बोलावणं येतं. सुनंदाबाई सोबत जातात, म्हणजे भाषण लांबत नाही.

यंदा रतिलालनंही आपल्या उतारावरचे बुंधे तसेच ठेवलेत. सकाळी दोघं एखाद्या लिंबापाशी उकिडवे बसतात आणि कुठला फुटवा राखायचा यावर वाद घालतात. एका झाडाला दुपार होते. अडुसष्टाव्या वर्षी नाना जन्मात केलं नव्हतं एवढं काम करताहेत. सुनंदाबाईंनी ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.