तिसरी जागा

मुलाला विमानतळावर सोडून आम्ही दोघं बाहेर पडलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. आत जाताना तो बजावून गेला होता, "बाबा, टॅक्सीने जा, आई दमलीये." पण पोरगा परदेशी गेला म्हणून बापाने टॅक्सीतच बसावं असं थोडंच आहे?

ठाण्याची बस आली. खोपटच्या डेपोत गावची एसटी पकडण्यात माझी हयात गेली. गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा आणि पोरासाठी जागा धरायची. इथेही हात आपसूक खिशात गेला. चढून बघतो तर बस निम्मी रिकामी. रुमाल पडलेल्या सीटच्या मागे आम्ही दोघं बसलो.

हायवेला बस भरली. डब्याची पिशवी सावरत एक माणूस रुमालापाशी थांबला.

"काका, इथे कोणी आहे का?"

"हो, येतोय," मी म्हणालो. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. धावत्या बसमध्ये कोण येणार होतं? एरवी बायकोने मला चारचौघांत झापलं असतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

तो माणूस ठाण्याच्या वेशीवरच्या कोपरीपर्यंत उभाच होता. रुमाल उचलायला नुसता हात पुढे करायचा होता. आमच्यापैकी कोणीच केला नाही.