मी सेल्वीला सांगितलेला अर्थ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती तेव्हा माहेरी, पापनाशमला होती. परतल्यावर तिच्या कानी आलं ते मीच पसरवलेलं. म्हणजे तिलाही खोटंच माहीत आहे.

आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच — माझं, आणि शेजारी चुलतभावाचं. त्याला आम्ही अण्णा म्हणायचो. बाकी सगळी तमिळ वस्ती. ते आम्हा मराठी लोकांना रायर म्हणतात, मान देतात. त्या मानाची मला फार — काय म्हणू — हाव होती. मी हिशेब तपासणारा माणूस, दुसऱ्याची चूक मला लगेच दिसते. अण्णा वैनींना मारतो हे दिसत नव्हतं का? दिसत होतं.

गल्लीतल्या बायकांचा बचत गट आहे. त्यांची एक रीत आहे. कुठल्या घरात बाईवर हात उठला की सगळ्याजणी जाऊन त्या घराच्या ओट्यावर बसतात. भांडत नाहीत. नुसत्या बसतात — नवरा बाहेर येऊन सगळ्यांसमोर बोलेपर्यंत. बाई म्हणाली तर तिला सोबत घेऊनच उठतात.

त्या रविवारी दुपारी वैनी ओरडल्या. बायका जमल्या, पण ओट्यावर चढेनात. ओरडणं मराठीत होतं. कपडे शिवणारी सेल्वी माझ्या फाटकाशी आली.

"सार, रायर घरात आवाज चढत नाही म्हणता ना? मग हे काय? काय म्हणतायत अम्मा?"

आतून वैनी म्हणत होत्या, "भावजी, सोडवा हो! हे मारतायत मला — भावजी!"

भावजी म्हणजे मी. वैनींना तमिळ उत्तम येतं. तरी त्यांनी आधी आपल्या माणसाला हाक मारली होती. मला विचार करायला वेळ मिळाला नाही, असं म्हणू का? मिळाला. सेल्वी वाट पाहत उभी होती.

"त्यांच्या माहेरचं कुणीतरी गेलं," मी तमिळमध्ये म्हणालो. "आत्ताच फोन आला. आमच्या लोकांत असाच आक्रोश करतात."

"अय्यो," सेल्वी म्हणाली. बायका पाय न वाजवता परत गेल्या.

मी आत आलो. दार लावलं. पंखा मोठा केला.

संध्याकाळी सेल्वी दुःखाच्या घरी द्यायचं म्हणून रसम-भात घेऊन आली. मी माझ्या दारातून पाहत होतो. वैनींनी दार उघडलं. डाव्या कानावर पदर दाबून धरलेला. मागे अण्णा उभा. सेल्वी हळहळत राहिली — गेलेलं माणूस कोण, वय काय, रायर सारांनी सांगितलं म्हणून कळलं. वैनींनी डबा घेतला. मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

अण्णा जिवंत होता तोवर भिंतीपलीकडून आवाज येतच राहिला. बायका पुन्हा आल्या नाहीत. का येतील? आमच्यात असंच असतं, हे त्यांना मीच सांगितलं होतं.

वैनी शेजारीच राहतात. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. त्या दुपारनंतर त्यांनी मला भावजी म्हटलेलं नाही.