खोलीची सदनिका होताना

काळाचौकीतल्या आमच्या चाळीची इमारत झाली, तरी गणपतीतल्या आरतीच्या मानाची पद्धत आम्ही बदलली नाही. रोज संध्याकाळी एका घराने तबक धरायचे. आणि घरातले कोणी गेल्यामुळे ज्यांचा मान मागल्या वर्षी राहून गेला असेल, त्यांना यंदा सर्वांआधी घ्यायचे. ही पाळी मी अनेक वर्षे संगणकावरच्या एका लहानशा डेटाबेसमध्ये सांभाळत आलो आहे. पुढे होऊन बोलणे मला जमत नाही. हे काम मात्र मानवते.

यंदा मंडळाचा संगणक बदलला आणि त्याबरोबर डेटाबेसची नवी आवृत्ती आली. जुनी फाइल तिच्यात सुखरूप उघडली, तसा माझा हुरूप वाढला. आता खोल्या राहिल्यात कुठे, असे म्हणून मी मुख्य तक्त्यातल्या ‘खोली’ या रकान्याचे नाव ‘सदनिका’ केले. एका ठिकाणी नाव बदलले की फॉर्म, क्वेरी आणि अहवाल ते आपोआप उचलतात, अशी सोय तिच्यात असल्याचे मी वाचले होते. ती चालू आहे का, हे पाहिले नव्हते.

यादी छापताना पडद्यावर एक छोटी चौकट आली आणि तिने ‘खोली’ म्हणजे काय ते विचारले. ते नाव तिला आता कुठेच सापडत नव्हते. मी न वाचल्यासारखे करून एन्टर दाबले. छापून आलेली यादी फलकावर लावली आणि समाधानाने घरी गेलो.

सकाळी दूध आणायला उतरलो, तर काकू फलकापाशी उभ्या होत्या. चाळीत आमची त्यांची भिंतीला भिंत होती. काका मागल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर गेले, तेव्हा त्यांच्या घरचा मान राहिला होता.

“काय रे, आमचा सुतक अजून फिटूक नाय?”

“असं काय बोलता, काकू?”

“मगे आमचा नाव खंय? लेक येतली. तिका सांगून बसलंय मी, यंदा बापाशीच्या नावान तबक तूच धर म्हणान.”

त्या हसत होत्या, पण फलकाच्या काचेवरचे बोट त्यांनी उचलले नव्हते. मी यादी काढून घेतली आणि संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली.

“थांबतंय. तुझ्या त्या पेटीक सांग, काका गेले, मी आसंय.”

दोष पेटीचा, म्हणजे संगणकाचा, नव्हता. राहिलेले मान शोधणारी क्वेरी अजून ‘खोली’च मागत होती, मी रिकामे उत्तर दिल्यावर तिने त्या घरांना सरळ वगळले होते. मदतीची पाने या वेळी सावकाश वाचली. जुन्या फाइलमध्ये नावांवर लक्ष ठेवणारी ती सोय बंदच होती. ती चालू केली तरी भागत नाही. प्रत्येक फॉर्म, क्वेरी आणि अहवाल ‘डिझाइन व्ह्यू’त, म्हणजे त्याची रचना बदलता येते त्या पडद्यावर, उघडून एकदा जतन करावा लागतो. त्याशिवाय कोणते नाव कुठे वापरले आहे, याची नोंद तयार होत नाही.

राखून ठेवलेली जुनी प्रत पुन्हा आणली. सोय चालू केली. मग एकेक फॉर्म, क्वेरी, अहवाल उघडायचा, जतन करायचा, बंद करायचा. ‘वर्गणी’, ‘प्रसाद’, ‘सजावट समिती’. त्या कंटाळवाण्या कामात मला विलक्षण स्वस्थ वाटले. घाईत टाळलेले सारे आता नीट भेटत होते. शेवटी नाव बदलले आणि क्वेरी उघडली. तिच्यात ‘सदनिका’ उमटलेले दिसले. कोडमध्ये मी हाताने लिहिलेली नावे तेवढी मागे राहिली होती. ती हातानेच बदलली. छापताना चौकट आली नाही. यादीत काकूंचे घर सर्वांत वर होते.

पहिल्या संध्याकाळी त्यांच्या लेकीने तबक धरले. काकू शेजारी टाळ्या वाजवत होत्या, तालाच्या जरा पुढेच. आरती संपल्यावर त्यांनी माझ्या हातावर एक मोदक ठेवला, मग आणखी एक.

“हा कोणाचा, काकू?”

“पेटीचो. आयकता आता ती.”

मी दोन्ही खाल्ले.