सूर्यचुलीवरची डाळ

आमचे हे शाळेत विज्ञान शिकवतात. कुठल्याशा प्रशिक्षणाहून परतताना ते सूर्यचूल घेऊन आले. काळी पेटी, वर काच आणि झाकणाला आतून आरसा.

"जगाला वीज हवी, गॅस हवा, आणि रोज कालच्यापेक्षा जास्त हवा," ते म्हणाले. "कुणीतरी सुरुवात करायला नको?"

सुरुवात माझ्या स्वयंपाकघरातून होणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या रविवारी नणंद आणि तिचे यजमान मोखाड्याहून जेवायला येणार होते. आज गॅस पेटवायचा नाही, असं ह्यांनी जाहीर केलं.

"निदान भात तरी लावते," मी म्हटलं.

"भातसुद्धा सूर्यावरच, डाळ झाली की."

जव्हारातलं आमचं अंगण हातभर, त्यात फणसाची सावली. ह्यांनी पेटी आधी पायरीवर ठेवली, मग कुंपणाशी आणि शेवटी उन्हाच्या मागे मागे थेट गल्लीच्या मधोमध. स्वतः शेजारी स्टूल टाकून बसले. तेवढ्यात एक जीप आली आणि पेटीसमोर थांबली.

"मास्तर, काय हाय त्यात?" ड्रायव्हरने विचारलं.

"डाळ."

"मंग तिला घ्या आन बाजूला व्हा."

मागच्या सीटवरून नणंद आणि भाऊजी उतरले. भाऊजींनी आधी मेव्हण्याकडे पाहिलं, मग पेटीकडे आणि मग माझ्याकडे. मी पदर नीट केला आणि चहाचं विचारलं. लगेच आठवलं, चहासुद्धा गॅसवरच होतो. भाऊजींना पाणी आणि केळं दिलं.

समोरच्या मावशी हे सगळं त्यांच्या गच्चीवरून बघत होत्या. त्या मूळच्या पोशेऱ्याच्या. वरूनच म्हणाल्या, "मास्तर, ऊन तं हिकडं हाय. खाली काय शोधताय?"

मग आमची वरात त्यांच्या जिन्याने वर निघाली. पुढे पेटी धरलेले हे आणि भाऊजी, मागे मी आणि नणंद. गच्चीवर ऊन लख्ख होतं. पण भाऊजींना भूक लागली होती. ते सारखे झाकण उघडून बघायचे.

"दाजी, उघडू नका, ऊब जाते," हे म्हणाले.

"शिजली का ते बघतो."

"बघितलं की शिजत नाही."

हे ऐकून भाऊजी लांब जाऊन पाठ करून बसले. ते पाठ करून बसले म्हणजे रागावले, हे नणंदेने मला डोळ्यांनीच सांगितलं. मावशी खाली गेल्या आणि टोपलीभर नागलीच्या भाकऱ्या, उडदाचं वरण आणि लसणीची चटणी घेऊन आल्या. भाऊजींनी चार भाकऱ्या खाल्ल्या. ह्यांनी आधी तत्त्व म्हणून नको म्हटलं, मग तीन खाल्ल्या.

ऊन उतरायला आलं तेव्हा डाळ शिजली. खरं सांगते, इतकी मऊ, गोडसर डाळ मी जन्मात केली नव्हती. पण पोटात जागा कुणाच्याच नव्हती. मावशींनी तेवढी वाटीभर खाल्ली आणि म्हणाल्या, "ह्यो डबा हितंच राहू दे."

तो तिथेच राहिला. मावशी सकाळी डाळ लावून कामाला जातात. संध्याकाळी मी ऑफिसातून येते, तेव्हा त्यातलं वाटीभर वरण आमच्याकडे आलेलं असतं. हे ते भातावर घेतात आणि आलेल्या-गेलेल्याला सांगतात, "आमच्याकडे डाळ सूर्यावरच शिजते." मी शेजारी उभी राहून गॅसवर चहा ठेवते.