सुईचा पहिलवान

आमच्याकडे जत्रेतल्या कुस्तीच्या फडात जोड लावायची एक रीत आहे. जोड आधी ठरलेली नसेल तर पहिलवान लंगोट कसून, एक हात वर करून मैदानाला चक्कर मारतो. ज्याला वाटतं की आपण याच्या तोलाचे, तो पुढे येऊन तो हात धरतो. पंच दोघांना न्याहाळतात, मान डोलावतात आणि हलगी कडाडते. माझं घर असल्या धरलेल्या हातांवरच चालत आलंय. नोकरी नाही, शेत नाही. लातूरची तालीम आणि लातूर-नांदेडच्या जत्रा, एवढाच माझा धंदा.

देवणीच्या बाजूला एका जत्रेत मी असाच हात वर करून फिरलो आणि तो कुणीच धरला नाही. माझ्या कोपरांवर, गुडघ्यांवर लाल चट्टे उठले होते, त्यांवर पांढरी खपली. एक गडी पुढे आला, माझ्या कोपराकडे त्याची नजर गेली आणि एकदम त्याच्या लंगोटाची गाठ सैल झाली. गाठ बांधत बांधत तो गर्दीत शिरला तो शिरलाच. मी मुळातच तापट. तिथं मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

खरं तर तेव्हा कुणी हात धरला असता तरी मी काय दिवे लावणार होतो? सकाळी उठलो की सांधे गंजल्यासारखे व्हायचे. टाच जमिनीला टेकवली की कळ डोक्यात जायची; हाडांच्या डॉक्टरला दाखवली, त्यानं मलम देऊन परत पाठवलं. उजव्या हाताचं एक बोट सुजून केळ्याएवढं झालं होतं. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची आणि वर म्हणायची, "सव्वाशे किलोचा गडी उचलता, अन् बटन उचलंना का?" ती हसायची, मीही हसायचो. ती स्वयंपाकघरात गेली की मला धडकी भरायची, की आपल्यातला पहिलवान संपला.

आमचे वस्ताद लातूरच्या जुन्या मुसलमान घराण्यातले. पत्र्याच्या पेट्यांचं दुकान मुलांवर सोपवून ते दिवसभर तालमीत बसतात. त्यांनी माझे चट्टे पाहिले आणि औषध तिथल्या तिथं ठरवलं. "मातीनं बरं न होणारं दुखणं अल्लानं बनवलंच न्हाई, बेटा." आखाड्याच्या हौदातल्या लाल मातीत त्यांनी हळद, ताक, लिंबू, तिळाचं तेल जास्तीचं घालायला लावलं आणि मला गुडघ्यापर्यंत त्यात पुरून, हातही कोपरापर्यंत खुपसून बसवलं. रोज तालीम संपली की आमचं हे लोणचं मुरायला ठेवायचं. लिंबानं चट्टे भाजल्यासारखे व्हायचे. मी ओरडलो की ते म्हणायचे, "आग होऊन राहिली म्हंजे गुण येऊन राहिला." बाहेरच्या माणसाला यात वेडेपणा दिसेल. पण ज्या मातीनं आम्हाला भाकरी दिली, तिच्यावर इतका भरवसा नसता तर आम्ही तिच्यात उतरलोच नसतो.

शेवटी बायकोनं मला नांदेडला नेलं. चट्ट्यांसाठी म्हणून कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी माझी नखं बघितली. नखांवर सुईनं टोचल्यासारखे खळगे होते. "सकाळी सांधे आखडतात का?" त्यांनी विचारलं. मी चाटच पडलो. तिथून त्यांनी मला सांध्यांच्या डॉक्टर बाईंकडे पाठवलं. बाई बारीक चणीच्या, पण जिभेला धार.

"पहिलवान, कातडी एकाला दाखवली, टाच दुसऱ्याला दाखवली, बोट मातीत पुरलं. या सगळ्यांचा बाप एकच आहे." त्यांनी नाव सांगितलं, सोरायटिक संधिवात. शरीराचं रक्षण करणारी फौज आपल्याच घरावर चालून जाते, असं काहीतरी समजावलं. मी एकच विचारलं, "दुसऱ्याला लागतो का?"

"नाही. कुणी तुमच्यासोबत कुस्ती खेळलं, जेवलं, झोपलं, तरी लागत नाही."

बायको तिथंच रडायला लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

हा आजार समूळ जाईल असं बाईंनी सांगितलं नाही, काबूत राहील म्हणाल्या. मला तेवढं पुरेसं कळलं. सगळेच गडी चितपट होत नाहीत, पण खाली दाबून कब्जा ठेवता येतो. आधी गोळ्या झाल्या, त्यांनी भागेना, मग ठरावीक दिवसांनी मांडीत घ्यायचं इंजेक्शन सुरू झालं. मधूनमधून रक्ताची तपासणी. कातडी फुटलेली असेल किंवा ताप असेल तर मातीत उतरायचं नाही, ही त्यांची सक्त ताकीद. हळूहळू टाच जमिनीवर टेकायला लागली. एके दिवशी बटणं माझी मीच लावली आणि बायकोला हाक मारून दाखवली.

आता सगळं सुरळीत होणार, तर वेगळंच झेंगट उभं राहिलं. तालमीतल्या एकानं घरी आल्यावर आमच्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी ते इंजेक्शन बघितलं. पहिलवान आणि सुई म्हटलं की आमच्याकडे अर्थ एकच, फसवून अंग कमावणं. गावभर नाव झालं, सुईचा पहिलवान. वस्ताद दारात आले, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "माझ्या तालमीत सुई चालत न्हाई. उद्यापून येऊ नको."

चट्टे सोसले होते, हे मला सोसवेना. मी भडकलो. "तुमी मला मातीत पुरलं तवा मी काई बोललो का? आता तुमी माझ्यासंगं नांदेडला चला. बाईला तुमच्या तोंडानं इचारा. त्या खोटं म्हनल्या तर मी लंगोट जाळतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीत शेजारी शेजारी, एकमेकांशी अबोला धरून, अहमदपूर-लोहा करत नांदेडला पोहोचलो. वस्तादांनी बाईंना थेट विचारलं, "ह्यानं ताकद वाढती का?"

"ताकद त्यांची त्यांनाच कमवावी लागेल. औषध फक्त आजाराला आवरतं. चोरून घ्यावं असं यात काही नाही."

 वस्तादांनी माझा हात ओढून तो सुजलेला, आता सूज बरीचशी ओसरलेला बोटाचा सांधा अंगठ्यानं चाचपला. परतताना अहमदपूरच्या स्टँडवर भजी घेतली, निम्मी माझ्या हातावर ठेवली आणि बोलले, "जत्रंत माईक घे अन् सगळं सांग. आदी बोल, मंग लढ."

शिरूर अनंतपाळकडच्या एका जत्रेत मी पहिल्यांदा माईक धरला. गर्दीसमोर लंगोटावर उभं राहायला मला लाज वाटत नाही, बोलताना मात्र घाम फुटला. तरी कोपर वर करून पुसट झालेले चट्टे दाखवले. म्हणालो, हे लागत नाही. सकाळी सांधे आखडत असतील, बोट सुजत असेल, नखं खराब होत असतील, तर अंगारे-धुपारे करत बसू नका, माती चोळत बसू नका, सांध्यांच्या डॉक्टरला दाखवा. सुई मी चोरून घेत नाही, माझ्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी आहे. लोक हसले. त्यानंतर मी किती तरी फडांत बोललोय, इस्लापूरपर्यंत जाऊन आलोय. बोलून झालं की कुणीतरी बाजूला घेऊन बाही वर करतंच. पण त्या दिवशी मला बोलण्याशी देणंघेणं नव्हतं. मी माईक ठेवला, हात वर केला आणि चालू लागलो.

उदगीरकडचा एक उंच गडी सरळ आला आणि माझा हात धरला. खाली वाकून मूठभर माती घेतली, ती माझ्या कोपरावरच्या चट्ट्यावर चोळली. हलगी वाजली.

पण लढायला लागला तर काय, मला काचेच्या बरणीसारखं धरतोय! गुडघ्याला हात लावेना, मनगट दाबेना. माझं टाळकं सटकलं. त्याच्या कानात म्हणालो, "पावणा म्हणून आलास का रे? धर की नीट!"

मग त्यानं धरलं. बगलेत हात घालून ढाकेचा डाव मारला आणि मला असं आपटलं की छातीतला सगळा वारा निघून गेला. पाठ मातीला चिकटली, वर निळंभोर आभाळ. त्यानं हातचं काही राखलं नव्हतं. मी पडल्या पडल्या हसत होतो आणि लोकांना वाटलं, डोक्याला मार लागला.

वस्ताद गर्दी सारत आले. नांदेडहून परतल्यापासून ते मला एकही वावगा शब्द बोलले नव्हते, जपून जपून बोलायचे. आता कमरेवर हात ठेवून माझ्यावर ओरडले, "बगल उघडी ठिवतो का रं गाढवा? उद्या पाटं येतो तालमीत, का घरात झोपतो?"

"येतो वस्ताद," मी म्हणालो.